एकाच गजाची दोन जाळी

शिरोड्याला, वेळागरच्या वाळूत
दोन जाळी पसरलेली, एकावर एक,
कडेला जांभे ठेवून ताणलेली,
म्हणून आस अगदी चौकोनी.
सगुण तांडेल तिसऱ्याच जाळ्याची भोकं सांधत बसलेला.
आणि मी, धातूच्या कणांमधल्या सीमा मोजून पगार घेणारी,
भावजयीसाठी मिठागरातून मीठ आणायला निघालेली,
तिथंच उकिडवी बसले.

"ह्यां माजां. वरचां धाकल्याचां.
बापाशीन एकाच कळकाचे दोन गज काडल्यान,
एक माका, एक तेका."

म्हणजे आस तेवढाच. सूत तेच. गाठ तीच.
वरचं जाळं फक्त जरासं फिरलेलं.

आमच्याकडेही एवढंच असतं, काका.
वितळलेला धातू थंड होताना
दोन ठिकाणी दोन बिया धरतात,
गज एकच, तोंडं दोन दिशांना,
आणि वाढत वाढत भिडल्या की
मधे दोन-चार अणूंचा एक पट्टा उरतो,
धड हिचा नाही, धड तिचा नाही.
गंज बहुतेकदा तिथूनच आत शिरतो.

हे मी मोठ्यानं म्हटलं नाही.
"फिरवून बघू?" एवढंच विचारलं.
त्यानं तंबाखू मळता मळता मान हलवली.

दोन्ही जाळ्यांची एक गाठ धरून
आरपार काठी खुपसली,
जांभे काढले आणि वरचं जाळं ओढत नेलं काठीभोवती.
आधी मोठाले चौकोन उमटले,
मग लहान,
मग सगळाच गोंधळ,
आणि एका जागी अचानक
त्याची दोन पुढे एक बाजूला ती गाठ
याच्या एक पुढे दोन बाजूला त्या गाठीवर
बसली.
मोजलं. सगळीकडे तसंच. पाचात एक.
गवंडी तीन-चार-पाचाच्या दोरीनं कोपरा धरतो ना,
त्याच दोरीतला कोन हा.

"पाचात एक गाठ मेळता?"
सगुणनं सुई खाली ठेवली.
"बरां मग. आमची पाचात एक पण नाय.
वीस वर्सां. तो रेडीक, मी हय."

मी आणखी ओढलं.
काटकोनाच्या बरोबर अर्ध्यावर.

आता फक्त काठीपाशी भेट.
बाकी कुठंच नाही.
गुडघ्यांवर रांगत कडेपर्यंत गेले,
एक गाठ केसभर चुकलेली, दुसरी बोटभर,
जाळं शिरोड्यापासून रेडीपर्यंत असतं
तरी गाठीवर गाठ पडली नसती.

पण उठून उभी राहिले आणि
काठीभोवती आठ पाकळ्या.
पलीकडे तशाच, पण त्याच नव्हेत.
आणखी पलीकडे अर्ध्याच.
ताल पक्का, मात्रा चुकत नाही,
सम मात्र पुन्हा येत नाही.
आमच्या पुस्तकांत असल्या मांडणीला फार काळ जागा नव्हती:
एक तर आवर्तन हवं, नाही तर पसारा.

"आठ कोणी घातल्यान?" सगुण कमरेवर हात ठेवून.
कोणीच नाही. तुमच्या जाळ्यात चार, त्यांच्याही चार.
आठ दोघांच्याही गजात नाही.

तो काठीभोवती एक फेरी मारून आला, पायाखाली सूत न येऊ देता.

मीठ घेऊन परतले तेव्हा
दोन्ही जाळी गुंडाळलेली, वेगवेगळी.
काठीच्या भोकात पाणी झिरपलेलं.
पिशवीतले खडे एकमेकांत रुतलेले, चौकोनात तिरपा चौकोन.
तो अजून तिसऱ्याच जाळ्यावर.
याचा आस लहान का, म्हणून मी त्याचा गज मागून घेतला:
अंगठ्याच्या जागी खोलगट,
जवभर तरी कमी.

आता विणलं तर कुठलाच कोन चालणार नाही,
हे त्यालाही दिसत होतं.

"धाकल्याचो पण झिजलो असतलो,"
गज परत घेत तो म्हणाला,
"इतकोच."